रुमैथियाच्या तळघरातला हाय स्ट्रीट

पुंडलिक मेस्त्रीला स्कॉटलंडमधल्या त्या गावात डोळे बांधून सोडलं असतं, तरी तो पोस्टात पत्र टाकून, वाटेत बेकरीतून पाव घेऊन वेळेवर मुक्कामी पोचला असता. बेकरीच्या शेजारी चांभार, चांभाराच्या माडीवर दातांचा डॉक्टर, जिन्याखाली सायकली ठेवायची जागा, समोर बँक. सगळं पाठ. स्कॉटलंड नकाशात नेमकं कुठे आहे, हे मात्र त्याला विचारायचं नाही. तसं कुवेत तरी त्याने चोवीस वर्षांत कुठे पाहिलं होतं? फरवानियातली सहा जणांची खोली, अम्गऱ्यातला कपाटं बनवायचा कारखाना, आणि दोहोंना जोडणारी कंपनीची व्हॅन, जिच्या काचांना उन्हासाठी काळा कागद लावलेला.

जुलैपासून त्यात रुमैथियातल्या एका बंगल्याच्या तळघराची भर पडली. स्कॉटलंड तिथे होतं.

बंगला बू हुसेनचा. म्हणजे हुसेनच्या बापाचा. माणसाचं स्वतःचं नाव काहीतरी लांबलचक होतं आणि ते फक्त बँक वापरायची. वय चौऱ्याहत्तर. सरकारी खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त. बायको वारलेली. हुसेन अमेरिकेत, दर शुक्रवारी फोनच्या पडद्यावर येऊन इंग्रजीत तब्येत विचारणारा. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून बू हुसेन चाकांच्या खुर्चीत बसे आणि लिफ्टने दोनच ठिकाणी जाई : वर झोपायला आणि खाली तळघरात. त्याचा बाप खजुराची गलबतं घेऊन मुंबईला जायचा, त्यामुळे घरात हिंदी होती. तीही गोदीतली, हमालांशी भाव करायची.

तरुणपणी हा माणूस चार वर्षं स्कॉटलंडच्या एका लहानशा गावात शिकायला होता. त्या गावाच्या नावात एक घशातला 'ख' होता. तो म्हणे लंडनच्या लोकांनाही जमायचा नाही, पण अरब पोराने पहिल्याच दिवशी तो असा काही काढला की बेकरीवाल्याने त्याला एक पाव फुकट दिला. पुंडलिकला तो 'ख' पाच महिन्यांत जमला नव्हता. तो आपला 'ते गाव' म्हणायचा.

तर ते गाव, निदान बू हुसेन राहत होता तो हाय स्ट्रीट, म्हणजे तिथला मोठा रस्ता, आणि त्याच्याभोवतीची वस्ती, तळघरात उभी करायची होती. पाव इंचाला एक फूट. रस्ते, घरं, दुकानं, धुराडी. आधाराला एक मोठा फोटो. बरोबरच्या पोराने चर्चच्या मनोऱ्यावर चढून काढलेला. मूळ फोटो म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी एक पारदर्शक फिल्म. आठ वर्षांपूर्वी फरवानियातल्या एका स्टुडिओत तो कागदावर मोठा करून घेतला होता. एवढ्या उंचीवरून दुकानांच्या पाट्या वाचता येत नव्हत्या. त्या बू हुसेनने आठवणीतून सांगितल्या.

अकरा इमारती, दोन महिने, असं ठरलं होतं.

आता नोव्हेंबर निम्मा झाला होता आणि इमारती एक्केचाळीस झाल्या होत्या.

"मिस्त्री," रोज संध्याकाळी बू हुसेन खुर्ची टेबलाच्या टोकाशी लावायचा, बराच वेळ बघायचा आणि म्हणायचा, "कुछ कम है."

"क्या कम है, बाबा?"

"मालूम नहीं. कुछ कम है." मग डोळे मिटायचा, आणि दोन मिनिटांनी त्याला कापडं धुवायचं दुकान आठवायचं. नाणं टाकलं की फिरणाऱ्या आठ यंत्रांसकट. दुसऱ्या दिवशी वाचनालय. तिसऱ्या दिवशी शाळा. शाळेला दोन दारं, एकावर दगडात कोरलेलं 'मुलगे', दुसऱ्यावर 'मुली', आत गेल्यावर सगळे एकाच वर्गात. मग मासे आणि बटाटे तळून देणारं दुकान. मग लोकांनी लाकडी चेंडू घरंगळत खेळायचं हिरवळीचं मैदान आणि त्याच्या कोपऱ्यात म्हाताऱ्यांना बसायला शेड. दगडी चाळी तर किती! एका जिन्यावर आठ बिऱ्हाडं. पुंडलिकने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला स्कॉटलंडविषयी आपुलकी वाटली होती. तशीच चर्चांविषयी.

"इतने छोटे गाँव में तीन चर्च कायको?" त्याने विचारलं होतं.

"झगड़ा हुआ था. सौ साल पहले."

"किस बात पे?"

"किसी को याद नहीं."

पुंडलिकने मान डोलावली. लांज्याकडच्या त्याच्या गावात याच कारणासाठी दोन होळ्या पेटत.

सगळ्यात हाल बँकेचे झाले. आठवण म्हणायची बँक इकडे, फोटो म्हणायचा तिकडे. पन्नास वर्षांत आठवण पातळ झालेली आणि फोटो जाड कागदावर छापलेला, त्यामुळे प्रत्येक वेळी फोटो जिंकायचा, शेवटची वेळ सोडून; तेव्हा म्हातारा हट्टाला पेटला. ह्या भानगडीत बँक तीनदा उचलून तीनदा चिकटवावी लागली. कुठल्याही बँकेला एवढं हलवलं असतं तर ती बुडाली असती.

ह्यात गंमत वाटण्यासारखं पुष्कळ होतं. पण पुंडलिकला सत्तावीस नोव्हेंबरला गावी असायचं होतं, आणि त्याची किल्ली ह्याच टेबलावर अडकली होती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत नर्मदेचा फोन यायचा. तिच्या पित्ताशयात खडे होते.

"सत्तावीसला ऑपरेशन हाय. सव्वीसला दाखल व्हायचं. तुम्ही येताव की नाय, तेवढं सांगा."

"येतोय म्हणतोय ना."

"ऑगस्टात पण येत होतात. दिवाळीला पण येत होतात."

"विशाखाला बोलवून घे तोपर्यंत."

"तिचं पोर तीन महिन्यांचं. ते काय पिशवीत घालून आणील? आणि जावयाला सुट्टी नाय." मग थोडं थांबून, "डॉक्टर काय म्हणाला सांगू? म्हणाला, बाई, दोनदा तुम्ही तारीख बदललीत. आता बदललीत तर पुढची तारीख तुम्ही नाय ठरवणार, मी पण नाय ठरवणार. खडा ठरवील."

"मग तू हो पुढे. शेजारची गोदूबाई येईल ना सोबतीला."

"गर्भपिशवीच्या वेळी मी माझी मीच सही केली, आणि शुद्धीवर आले तेव्हा पंखा तेवढा वळखीचा होता. ह्या वेळी तसं नाय. तुम्ही नाय आलात तर मी टेबलावर चढत नाय." आणि फोन बंद.

नर्मदा धमकी देणारी बाई नव्हती. म्हणूनच पुंडलिकला भीती होती. ऑगस्टात आणि दिवाळीला तिने खरोखरच तारीख पुढे ढकलली होती आणि वेदनेच्या दिवशी हिंग लावून पडून राहिली होती.

त्याची बॅग भरलेली होती. तिकीट चोवीस तारखेचं, पैसे भरून झालेले. पण जुलैपासून नियम असा आला होता की खासगी कंपनीतल्या परदेशी माणसाला देशाबाहेर जायला मालकाची मंजुरी लागते. नियम तसा सोपा. आपण फोनवर अर्ज करायचा, मालकाने फोनवर बटण दाबायचं, की पाच मिनिटांत परवाना. बटण मालकाच्या अंगठ्याखाली, मालक वर्षातले आठ महिने लंडनला, आणि मालकाच्या कानाशी त्याचा मामा. मामा म्हणजे बू हुसेन. मामाने भाच्याला कळवलं होतं की रस्ता पुरा होईपर्यंत मेस्त्रीला सोडू नये. भाचा मोठ्यांचा मान राखणारा होता.

"तू रस्ता पुरा कर ना बाबा," कारखान्याचा मॅनेजर यूसुफभाय म्हणायचा. साखरी-नाट्याचा माणूस, एकाच जिल्ह्याचं पाणी प्यायलेला, त्यामुळे सहानुभूती भरपूर आणि अधिकार शून्य. "एक भिंत घाल शेवटाला. म्हण, इथे गाव संपला."

"घातली होती. समुद्राची भिंत."

"मग?"

"म्हणाला, भिंतीच्या पलीकडे होड्या दुरुस्त करायची शेड होती."

यूसुफभायने कपाळाला हात लावला. "मग मी काय करू सांग. मी मॅनेजर हाय, पण माझं पण बटण त्याच्याच अंगठ्याखाली हाय."

अठरा तारखेला बू हुसेनला आठवलं की रस्त्यावर बस होती. फोटोतही होती, तांदळाच्या दाण्याएवढी. भिंग लावून बघितलं की तिची पाठ दिसायची, रस्त्याच्या उजव्या कडेला, फुटपाथला चिकटून उभी. ती बस हवी. त्याच बसने तो कॉलेजला जायचा.

दुसऱ्या दिवशी पुंडलिकने कारखान्यात लाकडाचा तुकडा घेतला आणि बस कोरायला बसला. डोकं नर्मदेपाशी होतं, काम हातांनी केलं. दीड तासाने समोर बघतो तर सुबक बस तयार : पुढे ड्रायव्हरची खिडकी उजवीकडे, चढायचा दरवाजा डावीकडे, मागे शिडी. हातांनी एसटी केली होती.

शिडी त्याने तासून टाकली. रंगवायला बस बाळाकडे गेली. बाळा हा त्याच्या खोलीतलाच, कुडाळचा, पॉलिशवाला. बू हुसेनला सगळी वस्ती नुकताच पाऊस पडून गेल्यासारखी ओली हवी होती, त्यामुळे पाच महिने बाळा करड्या दगडांवर वॉर्निशचे हात मारत होता. "हयलो पाऊस डब्यातसून पडता," असं तो घरी सांगायचा.

संध्याकाळी तळघरात बाळाने बस फोटोतल्यासारखी फुटपाथला लावली, वाकून बघितलं आणि म्हणाला, "मेस्त्रीनू, ही बस कोणाक मारूक काडल्यात?"

"काय झालं?"

"दरवाजो रस्त्याच्या मधी उघाडता. माणूस उतारलो की सरळ दुसऱ्या गाडीखाली. दरवाजो उजवीकडे होयो, हयच्यासारखो."

खरंच होतं. पुंडलिकने दरवाजा बदलायला बस उचलली. मग नुसती खात्री म्हणून विचारलं, "बाबा, बस का ड्रायवर किधर बैठता था?"

"राइट में," बू हुसेन लगेच म्हणाला. "तुम्हारे बम्बई माफिक. मेरे को उधर लाइसन्स में तीन बार फेल किया. गाड़ी लेफ्ट में चलाने का, मैं राइट में जाता था."

तो हसला. पुंडलिकही हसला. आणि हसता हसता त्याने फोटो पुन्हा भिंगाखाली घेतला.

गाड्या डावीकडून चालायच्या. मग बस उजव्या कडेला काय करत होती?

चोवीस वर्षं उजवीकडून चालणाऱ्या रस्त्यांत काढली की माणूस आपली बाजू विसरतो. दर सुट्टीला पहिला आठवडाभर पुंडलिक लांज्याच्या नाक्यावर भलतीकडे बघून रस्ता ओलांडायचा आणि एसटीच्या ड्रायव्हरकडून आईबापांचा उद्धार करून घ्यायचा. बू हुसेनने तर जन्मच उजवीकडे काढलेला. त्या दोघांनी पाच महिने फोटो बघितला, भिंगाने बघितला, आणि दोघांनाही बस अगदी बरोबर ठिकाणी वाटली. कुवेतच्या हिशेबाने ती बरोबरच होती.

दुसऱ्या दिवशी त्याने फोटो कारखान्यात आणला. तिथे एका कपाटाला आरशाचं दार बसवून ठेवलं होतं, सात फूट उंच. पुंडलिकने फोटो त्याच्यासमोर धरला आणि आरशात बघितलं.

आरशात बस डाव्या कडेला उभी होती. बँक आठवण म्हणायची तिकडे गेली होती.

स्टुडिओवाल्याने फिल्म उलटी घालून फोटो मोठा केला होता. पाट्या वाचता येत नव्हत्या, त्यामुळे आठ वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि त्या फोटोवरून पुंडलिक मेस्त्रीने एक्केचाळीस इमारतींचं उलटं गाव उभं केलं होतं, उत्तम सांधे घालून, पक्क्या गोंदाने.

त्याने यूसुफभायला दाराआड बोलावून आरशात फोटो दाखवला.

यूसुफभायने आधी फोटोकडे बघितलं, मग आरशाकडे, मग दाराबाहेर कोणी नाही ना ते. "कुणाला बोललास?"

"नाय."

"बोलू नकोस. तोंड शिवून घे. सांगितलंस तर म्हणेल, सगळं उखड आणि फिरून बांध. सहा महिने गेले तुझे. आज वीस तारीख. चोवीसला विमान हाय."

"आणि नाय सांगितलं तर?"

"तर काय? उलटं तर उलटं. तो काय तिथे भाड्याने राहणार हाय?"

हे बरोबर होतं. पुंडलिक दिवसभर ते स्वतःला सांगत राहिला. म्हातारा खूश, गाव उलटं का होईना पण सुंदर, कुणाचं काही बिघडत नाही. संध्याकाळी तो तळघरात गेला तो हेच ठरवून. बू हुसेनने खुर्ची टोकाशी लावली. बघितलं. बराच वेळ.

"कुछ कम है."

पुंडलिक बाळाचा वॉर्निशचा डबा बंद करत राहिला.

"छापखाना," बू हुसेन म्हणाला. "इधर एक छापखाना था. वो लगाओ, फिर देखेंगे." पण त्याच्या आवाजात छापखान्याबद्दल काही उत्साह नव्हता. हरवलेला चष्मा त्याच खणात चौथ्यांदा शोधणाऱ्या माणसाचा आवाज होता तो. "मिस्त्री, मैं चार साल उधर चला. रोज. ये वही रास्ता है. मगर मैं इसमें चल नहीं सकता. कुछ कम है."

व्हॅनमध्ये काळ्या कागदाच्या काचेला डोकं टेकवून बसल्यावर पुंडलिकला उमगलं की यूसुफभायचं गणित चुकलं आहे. गप्प राहिलं तर म्हातारा कधीच 'झालं' म्हणणार नाही. त्याला कमी काहीच नव्हतं, सगळं होतं, फक्त उलट्या हाताला होतं. तो छापखाना आठवेल, मग दवाखाना आठवेल, मग छत्र्या दुरुस्त करणारा. स्वतःचा रस्ता सापडेपर्यंत म्हातारा इमारती मागत राहील आणि तो सापडणार नाही. आणि खरं सांगितलं तर सहा महिने. म्हणजे तोंड उघडलं तरी अडकलो, मिटलं तरी अडकलो. दरवाजा रस्त्याच्या मधोमध उघडत होता.

रात्री त्याच्या लक्षात आलं की आज नर्मदेचा फोन आलाच नव्हता. ती फोन करायची थांबली की पोट धरून पडली आहे असं समजायचं, हे त्याला माहीत होतं.

एकवीसला सकाळी तो कारखान्यात आला तो थेट त्या कपाटापाशी. आरशाच्या दारासमोर पुन्हा फोटो धरून उभा राहिला. उलट्या फोटोचं आत सुलटं झालेलं बघत राहिला. फोटो तोच. कागद तोच. एक रेघही कुणी पुसली नव्हती.

"यूसुफभाय," त्याने हाक मारली, "गोदामात आरसे किती हायत?"

"बत्तीस. का?"

"चार दे. लांबीला अठ्ठावीस फूट भरायला हवं."

"कोणाच्या नावावर?"

"बू हुसेनच्या."

यूसुफभायने त्याच्याकडे असं बघितलं जसं माणूस बुडणाऱ्या होडीतून वल्ही मागणाऱ्याकडे बघतो. पण आरसे दिले.

दुपारी पुंडलिकने आणि बाळाने मिळून तळघरात टेबलामागच्या भिंतीला चारही आरसे आडवे, सलग बसवले. सांधे बोटाला लागणार नाहीत असे. मग तो बू हुसेनकडे गेला.

"बाबा, एक बात बोलना है. फोटो उल्टा है."

"कैसा उल्टा?"

"स्टुडिओवाले ने फिल्म उल्टी डाली. लेफ्ट का राइट हुआ. मैंने भी वैसाइच बनाया."

बू हुसेनने टेबलाकडे मान वळवली. त्याच्या कपाळाची शीर हलली. पुंडलिकच्या डोळ्यांसमोरून सहा महिने एकामागून एक, पाठमोऱ्या बससारखे निघून गेले.

"पूरा?"

"पूरा. लेकिन आप इधर मत देखो. उधर देखो." आणि त्याने विचारायची वाट न बघता खुर्ची वळवून आरशासमोर आणली.

आरशात हाय स्ट्रीट होता. ओला, करडा. लांबवर तीन चर्चं. बस डाव्या कडेला, पुंडलिकने बाजू बदललेला दरवाजा फुटपाथकडे.

 मग बू हुसेनचा डावा हात खुर्चीच्या हातावरून उठला. नुसता उठला, कुणी त्याला सांगितलं नव्हतं. हवेत एक दांडा पकडावा तशी मूठ वळली, आणि मग बसमधून उतरावं तसा त्याचा खांदा थोडा पुढे झुकला.

"बायें हाथ पे बेकरी," तो म्हणाला. "बेकरी के बाद चढ़ाव. फिर..." पाच महिन्यांत त्याने कधी डावं-उजवं म्हटलं नव्हतं. नुसतं 'उधर' म्हणायचा. आता दोन बोटं हवेत चालत होती, चढाला थोडी सावकाश. कोपऱ्यावर वळली. "इधर हवा लगता था. बहुत ठंडा. टोपी पकड़ना पड़ता था." आणि त्याने खरंच डोक्यावर हात ठेवला.

बाळा हळूच म्हणाला, "मेस्त्रीनू, म्हातारो गेलो."

"कुठे?"

"गावाक."

पुंडलिकने त्याला कोपराने ढोसलं.

दहा मिनिटांनी बू हुसेन परत आला. डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि इंजिनियर झाला. "बँक गलत है."

"मालूम है, बाबा. वो मैंने फोटो से लगाया था, बाद में तीन बार हिलाया, आखरी बार आपकी याद से."

"हिलाओ. और सब बोर्ड उल्टा दिखता है."

हे मात्र पुंडलिकने धरलं नव्हतं. आरशात गाव सुलटं झालं होतं, पण पाट्या उलट्या. दुकानांच्या पाट्या, चर्चचे फलक, शाळेची दोन दारं, बसवरचं गावाचं नाव, सगळं उलट्या अक्षरांत पुन्हा रंगवायला हवं होतं. तिकडे चोवीस तारखेचं विमान.

"बाळा," तो म्हणाला, "उलटं इंग्लिश काढता येईल?"

"माका सुलटा तरी खंय वाचूक येता?" बाळा म्हणाला. "चित्रच ता. हयसून काय आणि थयसून काय."

बाळाने दोन दिवसांत सगळं काढलं. एकही अक्षर चुकलं नाही, कारण त्यात अक्षर असं त्याच्या दृष्टीने काही नव्हतंच. बँक चौथ्यांदा हलली. आता कायमची, असं पुंडलिकने तिला ठोकताना बजावलं.

तेवीसला दुपारी तो निरोप घ्यायला तळघरात उतरला. निरोप म्हणजे खरं तर चेहरा दाखवायला. अर्ज अजून तसाच पडून होता; फोनवर त्याच्यापुढे एक पिवळं वर्तुळ होतं आणि ते गेले नऊ दिवस पिवळंच होतं. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचं.

बू हुसेन टेबलाकडे पाठ करून आरशासमोर बसला होता. पुंडलिक मागे येऊन उभा राहिला, तेव्हा आरशात तो घरांच्या वर दिसायला लागला, सगळ्यात उंच चर्चपेक्षा दुप्पट, हातात डबा आणि खांद्याला पिशवी.

"मिस्त्री," बू हुसेन आरशातच बघत म्हणाला, "बाजू हो. बस आ रहा है."

पुंडलिक बाजूला झाला. डावीकडे झाला की उजवीकडे, त्याला सांगता आलं नसतं. थोडा वेळ दोघंही बस जाऊ देत थांबले.

"छापखाना बनाऊँ क्या, वापस आके?" त्याने विचारलं. न विचारणं उद्धटपणाचं झालं असतं.

बू हुसेनने विचार केला. "नहीं," तो म्हणाला. "छापखाना था ही नहीं. वो मैं ऐसे ही बोला." मग फोन उचलून त्याने भाच्याला लंडनला फोन लावला. अरबीत चार वाक्यं बोलला. त्यातला 'खलास' तेवढा पुंडलिकला कळला आणि तो पुरेसा होता. फोन ठेवून म्हणाला, "औरत को बोलो, मैं सॉरी बोला. मेरे को भी मालूम नहीं था मैं क्या ढूँढता था."

औरतीला काय झालं आहे हे पुंडलिकने पाच महिन्यांत त्याला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा म्हातारा डोळे मिटून रस्ता आठवत होता. ऐकत असेल असं वाटलं नव्हतं.

रस्त्यावर व्हॅनची वाट बघत असताना त्याच्या फोनवरचं पिवळं वर्तुळ हिरवं झालं. त्याने ते तीनदा उघडून बघितलं, मग यूसुफभायला पाठवलं, मग नर्मदेला फोन लावला. सहा वेळा वाजल्यावर तिने उचलला.

"परमिट आलं," तो म्हणाला. "उद्या निघतोय. परवा सकाळी घरी."

तिकडे वाहणारा नळ बंद झाला. मग, "खरं?"

"फोटो पाठवतो परमिटचा."

"मला काय करायचाय फोटो? तुम्ही या." पाठीमागे कुठेतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. बसली असावी. "नवऱ्याने घरी यायला मालकाची चिठ्ठी लागते, हे मी बायांना सांगितलं तर हसतात मला."

"हसू दे."

"मी पण हसते. मग दुखतं." भांडं पुन्हा उचललं असावं. "डॉक्टरला कळवते आत्ताच. सव्वीसला दाखल. तुम्ही सही करा, मी चढते टेबलावर. आणि शुद्धीवर आले की समोर हवे तुम्ही, बाहेर चहाला गेलो होतो असं नाय चालणार."

"नाय जात चहाला."

व्हॅन कोपऱ्यावर दिसली. तिच्या काळ्या काचांमुळे आत कोण आहे ते कधीच कळायचं नाही.

"किती दिवसांची चिठ्ठी हाय?" नर्मदेने विचारलं.

"तीस."

तिने मनात मोजलं असावं. ऑपरेशनचे दिवस, दवाखान्याचे दिवस, घरी अंथरुणाचे दिवस.

"टाके सुकतील तेवढ्यात," ती म्हणाली.